हरभऱ्यात घाटेअळी आणि उंदीर एकाच वेळी: आधी काय करायचं, कधी करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. काळ्या जमिनीत साडेतीन एकर हरभरा, पीक चाळीस दिवसांचं, फुलं लागायला नुकती सुरुवात. एका बाजूला गहू, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्याचा ऊस आणि तो पंधरा दिवसांत तुटणार. पानांवर पांढरट चट्टे दिसतात, काही झाडांच्या फांद्या कापून खाली पडल्यात, बांधावर बिळं आहेत. कृषी केंद्रवाल्याने अळीसाठी तीन औषधं एकत्र करून मारायला सांगितलीत, आणि गावातल्या कुणीतरी बिळात थिमेट टाकायचा सल्ला दिलाय. तुम्ही विचारलंय, नेमकं काय करू?

भाऊ, आधी एक सांगतो. औषध चुकीचं निवडल्याने जेवढं नुकसान होतं, त्याहून जास्त ते योग्य औषध आठ दिवस उशिरा मारल्याने होतं. अळीचं तसंच, उंदराचंही तसंच. तुमचं पीक आज ज्या टप्प्यावर आहे तिथे दोघांनाही आवरता येतं. घाटे, म्हणजे हरभऱ्याच्या शेंगा, भरल्यावर विचारलं असतं तर माझं उत्तर वेगळं आणि बरंच निराशेचं असतं.

चोर कोण ते आधी ठरवा

पांढरट चट्टे म्हणजे बारीक घाटेअळीने पानाचा हिरवा भाग खरवडून खाल्लाय. अंड्यातून निघालेली अळी पहिले काही दिवस पान पोखरत नाही, फक्त खरवडते. चट्टे दिसतात म्हणजे अळ्या अजून लहान आहेत, ही तुमच्या दृष्टीने चांगली बातमी आहे. सकाळी ऊन चढायच्या आत शेतात जा आणि कोवळे शेंडे उलटसुलट करून बघा. अंडी एकेकटी घातलेली असतात, खसखशीच्या दाण्याहूनही लहान, पिवळसर पांढरी. फुटायच्या आदल्या दिवशी त्यावर तपकिरी झाक येते. तीन ते पाच दिवसांत अंडं फुटतं, अळी पंधरा ते वीस दिवस खाते, मग जमिनीत जाऊन कोष करते. एक अळी तिच्या आयुष्यात तीस ते चाळीस घाटे पोखरू शकते. मोठी अळी घाट्याला गोल भोक पाडून डोकं आत खुपसते आणि अर्धं अंग बाहेर ठेवून दाणे खाते. तुमच्याकडे घाटे अजून लागलेच नाहीत, म्हणून तसं काही दिसणार नाही.

आता कापून पडलेल्या फांद्या. हे काम घाटेअळीचं नाही. तीन संशयित आहेत. पहिली, रोपं कुरतडणारी अळी. ती दिवसा ढेकळाखाली लपते, रात्री झाड जमिनीलगत कुरतडते. कापलेल्या झाडाच्या बुडाशी दोन बोटं माती उकरा. काळपट, तेलकट दिसणारी, हात लावला की वेटोळं करणारी अळी सापडली तर तीच. दुसरा ससा. तो शेंडे खातो, तिरका स्वच्छ काप देतो आणि शेतात गोल कोरड्या लेंड्या टाकून जातो. तिसरा उंदीर. काप त्याचाही तिरकाच असतो, पण तो जेवढं खातो त्याहून जास्त कापून टाकतो आणि काही तुकडे बिळाकडे ओढत नेतो. कापलेल्या फांद्यांपासून बांधाकडे गेलेली बारीक मळलेली वाट शोधा. ती बिळापाशी संपली की शंका उरत नाही. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला सतत काहीतरी कुरतडावं लागतं. खायचं नसलं तरी तो कापतो, ते यामुळे.

बांधावरचं प्रत्येक भोक उंदराचं नसतं, आणि उंदराचं असलं तरी त्यात आज उंदीर असेलच असं नाही. तोंडावर कोळ्याचं जाळं असेल, आतला कडा कोरडा आणि ढासळलेला असेल, तर ते बीळ सोडून दिलेलं आहे. तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग असेल आणि तोंड मातीनेच आतून बुजवलेलं असेल, तर आत घूस आहे. घूस एकटी राहते, तोंड बंद करून बसते आणि आत धान्याची कोठी करते. पाटाजवळ चिकट मातीच्या गोळ्या बाहेर काढलेलं ओलं भोक खेकड्याचं. आणि कुठल्याही बिळात हात घालू नका. उंदराच्या रिकाम्या बिळात साप राहायला येतो.

मोजल्याशिवाय पंप भरू नका

साडेतीन एकरांत दहा ठिकाणं निवडा, चारही कोपरे आणि मधला भाग त्यात आला पाहिजे. प्रत्येक ठिकाणी ओळीतलं एक मीटर अंतर घ्या, झाडांखाली पांढरं कापड किंवा रिकामी गोणी पसरा, झाडं हळूच झटका आणि पडलेल्या अळ्या मोजा. सरासरी मीटरला एक ते दोन अळ्या भरल्या की फवारणीची पातळी गाठली. त्याखाली असेल तर पंप घरीच राहू द्या आणि तीन दिवसांनी परत मोजा. ऐकायला हे कंटाळवाणं वाटतं, पण अर्ध्या तासाचं काम आहे आणि एक फवारणी वाचली तर त्या दिवसाचा औषधाचा खर्च आणि माणसांची मजुरी वाचते.

सोबत एकरी दोन कामगंध सापळे लावा, घाटेअळीचाच ल्युअर, म्हणजे पतंगाला ओढणारी गंधाची गोळी, बघून घ्या. दुकानात गुलाबी बोंडअळीचे आणि लष्करी अळीचे ल्युअरही त्याच सापळ्यात बसतात आणि घाईत चुकीचा हातात दिला जातो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा साधारण एक फूट उंच ठेवा, ल्युअर तीन आठवड्यांनी बदला. सापळ्यात फक्त नर पतंग येतात. त्याने अळीचा बंदोबस्त होईल ही अपेक्षा ठेवू नका. सापळा तुम्हाला वेळ सांगतो. सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग यायला लागले की समजा माद्या अंडी घालतायत आणि पुढच्या आठवड्याच्या आत बारीक अळ्या दिसणार आहेत. तुमची जी फवारणी असेल ती त्या आठवड्यात बसली पाहिजे.

गावपातळीवर ही मोजणी होऊ शकते हे महाराष्ट्राने करून दाखवलंय. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप नावाचा कीड सर्वेक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. हरभराही त्यात आहे. तुमच्या कृषी सहायकाकडे तुमच्या भागातल्या मोजणीचे आकडे आणि त्यावरून दिलेला सल्ला असतो. मागायला जा. मागणारे शेतकरी असले की मोजणीही मन लावून होते.

अळीसाठी क्रम

तुमच्या टप्प्याला, म्हणजे फुलाच्या सुरुवातीला आणि अळ्या बारीक असताना, पहिली फवारणी पाच टक्के निंबोळी अर्काची. पाच किलो वाळलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजवायच्या, सकाळी फडक्याने पिळून गाळायचं, वेगळ्या एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं. अर्क त्याच दिवशी वापरायचा, उरवून ठेवायचा नाही. निंबोळीने मोठी अळी मरत नाही. तिचा उपयोग अंडी घालण्यापासून परावृत्त करणं आणि लहान अळीचं खाणं-वाढणं रोखणं हा आहे. म्हणूनच ती आत्ता मारायची, पंधरा दिवसांनी नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी मोजणी पातळीच्या आसपास असेल तर विषाणू वापरा. घाटेअळीचा विषाणू, एचएएनपीव्ही, एकरी दोनशे मिली, दोनशे लिटर पाण्यात. हा संध्याकाळी चारनंतरच मारायचा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी विषाणू निकामी होतो. त्याच कारणासाठी पंपात थोडी कपड्यांची नीळ टाकतात. अळीने तो खाल्ला पाहिजे, मग तीन ते सात दिवसांत ती मरते. मेलेली अळी शेंड्याला चढून उलटी लटकते, काळी पडते आणि बोट लावलं तर आतून पाणी झालेली असते. अशा लटकलेल्या अळ्या दिसल्या म्हणजे औषध लागू पडलं. त्या काढून टाकू नका, त्यातूनच विषाणू पुढच्या अळ्यांपर्यंत जातो. तीन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून वरून रासायनिक मारणारे लोक मी बरेच पाहिलेत. मग गुण कशाने आला ते कळत नाही आणि पैसे दोन्हीचे जातात. ही बाटली घेताना तयार झाल्याची तारीख आणि दुकानात ती थंड जागी ठेवली होती का, हे दोन्ही विचारा.

घाटे लागायला लागल्यावरही मीटरला एक-दोन अळ्या असतील तर मात्र रासायनिक औषधाला पर्याय उरत नाही. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के एसजी, दहा लिटर पाण्याला ४.४ ग्रॅम, किंवा क्लोरँट्रानिलीप्रोल १८.५ टक्के एससी, दहा लिटरला २.५ मिली. दोन्हींपैकी एकच. पुन्हा फवारायची वेळ आली तर दुसऱ्या गटातलं. हे प्रमाण हातपंपाचं आहे आणि एकरी दोनशे लिटर पाणी धरून आहे. दोनशे लिटर म्हणजे सोळा लिटरचे बारा-तेरा पंप. प्रत्यक्षात पाच-सहा पंपांत एकर उरकतात, शेंडे भिजतात, आतल्या फांद्या कोरड्या राहतात आणि दोष औषधाला दिला जातो. पॉवर पंपाने मारत असाल तर पाणी कमी लागेल, पण एकरी औषध तेवढंच जायला हवं, त्या हिशोबाने मिसळा.

तीन औषधं एकत्र करण्याबद्दल स्पष्टच सांगतो: करू नका. घाटेअळी ही भारतातल्या सगळ्यात निर्ढावलेल्या किडींपैकी आहे. १९८७ च्या हंगामात आंध्रातल्या कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांच्या फवारण्यांवर फवारण्या झाल्या तरी अळी मरेना. त्या गटाला ती सरावली होती. एकाच वेळी तीन गटांची औषधं थोडी थोडी खाऊन जगलेली अळी तिन्हींना सरावायला लागते. दुसरं कारण जास्त जवळचं आहे. तुमच्या शेतात पानावर, वाळलेल्या बारीक अळीच्या शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढा करडा-पांढरा कोष चिकटलेला दिसेल. तो कॅम्पोलेटिस नावाच्या गांधीलमाशीचा. ती लहान घाटेअळीच्या अंगात अंडं घालते, आतून वाढणारी तिची अळी घाटेअळीला संपवते आणि मग बाहेर येऊन कोष करते. हरभऱ्यात हंगामाच्या सुरुवातीला ही फुकटची मदत मोठी असते. ढोबळ विषांचं मिश्रण हिला आधी मारतं. बांधावर कोथिंबीर फुलात असेल तर ही माशी तिथे मधासाठी येते, म्हणून हरभऱ्यात कोथिंबीर किंवा जवसाच्या चार ओळी घ्या असं सांगतात. पुढच्या वर्षी नक्की घ्या.

तिसरं कारण माणसाचं आहे. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेलं पीक, दमट हवा, तोंडाला काही न बांधता तासन्‌तास फवारणी आणि औषधांची मिश्रणं, असं सगळं तिथे एकत्र आलं. मिश्रणाची विषबाधा झाली तर डॉक्टरलाही नेमका कशावर उपचार करायचा ते समजायला वेळ लागतो. फवारणाऱ्या गड्याला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांना चष्मा तुम्ही द्या. तो मागणार नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चालायचं नाही आणि फवारताना तंबाखूचा हात तोंडाला लावायचा नाही, एवढं तरी त्याच्याकडून पाळून घ्या.

पक्षिथांबे, दिवसाचे आणि रात्रीचेही

एकरी वीस तरी पक्षिथांबे उभे करा. तुरीच्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या, बांबूच्या काड्या, काहीही चालेल, पण वर आडवी काडी बांधून इंग्रजी टी अक्षरासारखा आकार करा आणि पिकाच्या वर एक-दीड फूट ठेवा. दिवसा कोतवाल, साळुंकी, वेडा राघू बसतात. कोतवाल थांब्यावरून झेप घेऊन अळी उचलतो आणि परत त्याच थांब्यावर येऊन खातो, सकाळी अर्धा तास उभं राहिलं तर तुम्हाला दिसेल. रात्री त्याच थांब्यावर पिंगळा आणि गव्हाणी घुबड बसतं, आणि ते उंदीर उचलतं. बांधाकडेचे पाच-सहा थांबे थोडे जाड आणि उंच ठेवा, घुबडाचं वजन पेललं पाहिजे. थांब्याखाली केस आणि बारीक हाडं असलेल्या करड्या गोळ्या पडलेल्या दिसल्या तर त्या घुबडाने ओकलेल्या आहेत. अशी गोळी पाण्यात भिजवून सोडवली की आत उंदराची कवटी निघते. घुबड अशुभ म्हणून हाकलणाऱ्या घरांना मी ती गोळी हातात देतो.

पेरणीच्या वेळी हरभऱ्याच्या बियाण्यात एकरी शंभर ग्रॅमच्या आत ज्वारी मिसळली की शेतात तुरळक ज्वारीची ताटं उभी राहतात आणि तेच थांबे होतात. तुमची ती वेळ गेली, पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. चाळीस दिवसांचं पीक आहे तर शेंडे खुडायचीही वेळ जवळजवळ संपली. तीस-पस्तीस दिवसांना भाजीसाठी शेंडे खुडले तर फांद्या वाढतात आणि कोवळ्या शेंड्यावरची काही अंडी परस्पर घरी येतात.

उंदीर: तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ शेजारचा ऊस पंधरा दिवसांत तुटणार, ही आहे. ऊस हे उंदरांचं घर आहे. पाचटाचा आडोसा, बारा-चौदा महिने कुणी न हलवलेली जमीन, आणि कुरतडायला गोड कांडी. लोळलेल्या उसात तर घुबडालाही खाली उतरता येत नाही. तोडणीची टोळी आली, फड मोकळा झाला आणि पाचट पेटवलं की त्यातले सगळे उंदीर एक-दोन रात्रींत शेजारच्या हिरव्या पिकात येतात, आणि तोपर्यंत तुमच्या हरभऱ्याला घाटे लागलेले असतील. म्हणजे त्यांना तयार जेवणात पाठवल्यासारखं होईल. भरलेले घाटे समोर असताना उंदीर विषाच्या आमिषाला तोंड लावत नाही. जे करायचं ते तोडणीच्या आधी, आणि उसाच्या बांधावरही करायचं.

म्हणून आज संध्याकाळी ऊसवाल्या आणि गहूवाल्या शेजाऱ्यांकडे जा. तिघांनी एकाच दिवशी केलं तर उपयोग आहे. एकट्याने केलं तर तुमची रिकामी झालेली बिळं आठवड्यात शेजारचे उंदीर येऊन भरतील. घुशीचा गर्भकाळ साधारण तीन आठवड्यांचा, एका वेळी सहा ते आठ पिल्लं, आणि ती पिल्लं तीन महिन्यांच्या आसपास स्वतः विणीला येतात. अन्न असेल तोवर हे चक्र वर्षभर फिरतं. मिझोराममध्ये मौताक बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांनी एकदम फुलतो, बियांचा सडा पडतो, उंदरांची संख्या फुटते आणि बिया संपल्या की ते भातशेतीवर उतरतात. १९५९ मध्ये त्यातून दुष्काळ पडला आणि २००६ ते २००८ च्या सुमारास पुन्हा तेच झालं. आपल्या बागायती गावात बांबू नाही, पण ऊस, गहू, हरभरा, उन्हाळी भुईमूग अशी रांग लागलेली असते. उंदराला वर्षात एक दिवस उपास नाही.

काम असं करायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिघांच्या बांधांवरची, पाटाकडेची आणि शेतातल्या भेगांमधली सगळी बिळं पायाने माती ढकलून बुजवा. शेताला पाणी दिल्यावर दोन दिवसांनी हे केलं तर उत्तम, कारण शेतातले उंदीर तेव्हा बांधावर आलेले असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत बिळं. प्रत्येकाशेजारी रंगीत चिंधी बांधलेली काडी रोवा आणि मोजा. एकरी दहाच्या वर गेली तर माझ्या अनुभवात आमिष द्यायलाच हवं. त्याच्या आत असतील तर पिंजरे आणि उकरणं पुरतं.

त्याच सकाळी चिंधीच्या प्रत्येक बिळात वीसेक ग्रॅम साधी भरड टाका, ज्वारीची किंवा गव्हाची, थोडं शेंगदाण्याचं तेल चोळलेली. विष नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. याला लोक कंटाळतात आणि सगळा डाव इथेच बिघडतो. उंदीर नवं अन्न आधी चिमूटभर चाखतो. पहिल्याच दिवशी विष दिलं तर तो चिमूटभर खाऊन आजारी पडतो, वाचतो, आणि नंतर कितीतरी दिवस तसल्या आमिषाकडे फिरकत नाही. ‘औषधाला उंदीर ढिम्म हलत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी झिंक फॉस्फाइडचं आमिष. प्रमाण शंभरात ९६ भाग भरड, २ भाग तेल, २ भाग झिंक फॉस्फाइड. म्हणजे एक किलोला ९६० ग्रॅम भरड, २० ग्रॅम तेल, २० ग्रॅम औषध. काठीने कालवायचं, हात लावायचा नाही, नाकातोंडाला फडकं बांधायचं. घरातलं भांडं वापरायचं नाही. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या करून काडीने बिळात आत खोलवर ढकला आणि तोंड हलकं बुजवा. एका किलोत शंभर बिळं होतात. पोटातल्या आम्लाशी आणि ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू निघतो, त्याने उंदीर मरतो. ओल्या बिळात पुडी टाकली तर हा वायू बाहेरच उडून जातो. म्हणून पाणी दिल्यावर बिळं मोजायची, पण विष द्यायला वाफसा यायची वाट बघायची. बांधावर उघड्यावर एकही दाणा पडता कामा नये. चिमण्या, पारवे, कोंबड्या आणि गुरं तो खातात.

पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी मेलेले उंदीर काडीने किंवा मोजे घालून गोळा करा आणि दोन फूट खोल पुरा. कुत्रं मेलेला उंदीर पोटासकट खाऊन मरू शकतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा सगळी बिळं बुजवून बघा. जी उघडतील तिथे परत झिंक फॉस्फाइड द्यायचं नाही, ते आता आमिषाला बिचकलेले उंदीर आहेत. तिथे ब्रोमॅडिओलोन. ०.२५ टक्के भुकटी मिळाली तर प्रमाण तेच, ९६:२:२, आणि बिळाला पंधरा ग्रॅम. तयार वड्या मिळत असतील तर त्या थेट टाका. याने रक्त गोठायचं थांबतं आणि उंदीर चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतो, त्यामुळे त्याला आमिषाचा संशय येत नाही. पण हेच विष त्याच्या अंगात उरतं आणि तो उंदीर खाणाऱ्या घुबडापर्यंत पोचतं. म्हणून ब्रोमॅडिओलोन दुसऱ्या फेरीत, उरलेल्या मोजक्या बिळांत, एवढंच. सगळ्या शेतात सरसकट टाकलं तर पक्षिथांब्यांवर बसणारा आपलाच राखणदार आपण मारतो.

झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. चुकून पोटात गेलं तर घरगुती उपाय करत बसू नका, पुडा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ चा उपचार होतो, पण तोही डॉक्टरनेच द्यायचा.

आता थिमेट. थिमेट म्हणजे फोरेट. देशात २०२० च्या अखेरीपासून त्यावर बंदी आहे. कुणाच्या घरात जुनं पोतं पडलं असेल तरी ते बिळात टाकायचं नाही. ते उंदरासाठी बनलेलंच नव्हतं, आमिषात मिसळलं की वासाने उंदीर टाळतो, आणि वाहत्या पाण्यातून ते पाटात, विहिरीत उतरतं. गुळात थिमेट कालवून ठेवल्याने बांधावर शेळ्या मेल्याच्या घटना गावोगाव माहीत असतात. तसंच धान्यात ठेवायच्या सल्फासच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या, गोळ्या बिळात टाकायचा सल्लाही कुणी देईल. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची विक्री आणि वापर प्रशिक्षित, अधिकृत माणसांपुरता मर्यादित आहे, शेतकऱ्याने स्वतः हाताळायची ती गोष्ट नाही. उसाच्या कडेने तारेत वीज सोडणं हा तर उंदरावरचा उपाय म्हणून कुणी तोंडातूनही काढू नये. रात्री पाणी द्यायला जाणारा माणूस त्यावर मरतो.

विष टाळायचं असेल तर बिळं उकरणारी जाणती माणसं बोलवा. कोकणात, रायगडकडे कातकरी भाताच्या बांधावरची बिळं इतकी अचूक वाचतात की मुख्य वाट कुठली, पळवाट कुठली, कोठी कुठल्या बाजूला, हे उकरायच्या आधी सांगतात. पळवाट आधी बंद करायची आणि मग उकरायचं, हे त्यांचं तंत्र आपल्याकडच्या मुलांनीही शिकण्यासारखं आहे. उकरताना आणि मेलेले उंदीर उचलताना हातापायांवर जखम असेल तर मोजे आणि बूट घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. धामण दिसली तर मारू नका. ती बिनविषारी आहे आणि बिळाच्या आत शिरून उंदीर खाते, जिथे ना मांजर पोचतं ना घुबड.

बांधांचंही बघा. रुंद, गवताने भरलेला, वर्षानुवर्षं न छाटलेला बांध म्हणजे उंदरांची चाळ. दोन शेतांमधला बांध जितका अरुंद आणि स्वच्छ, तितकी बिळं कमी. उन्हाळ्यात शेत मोकळं असताना, मे ते जूनच्या सुरुवातीला, तिघांनी मिळून पुन्हा एकदा हाच क्रम करा. तेव्हा शेतात खायला काही नसतं, आमिष पटकन घेतलं जातं आणि पावसाळ्याची वीण सुरू व्हायच्या आत संख्या खाली येते. त्या वेळची एक मोहीम रब्बीतल्या तीन मोहिमांच्या तोडीची असते. त्याच सुमारास नांगरट केली की घाटेअळीचे जमिनीतले कोषही उघडे पडतात, काही उन्हाने मरतात, काही बगळे आणि साळुंक्या वेचतात.

काढणीनंतर हरभऱ्याचा ढीग शेतात रात्र-रात्र ठेवू नका. ढिगाखाली दोन रात्रींत घूस बीळ करते आणि घाटे आत ओढते. मळणीला मशीन मिळेपर्यंत थांबावं लागणार असेल तर ढीग बांधापासून दूर, मोकळ्या जागी रचा आणि त्याच्या भोवतीची बिळं आदल्या दिवशी बुजवून घ्या.

सध्या मला तीन आकडे कळवा: दहा ठिकाणच्या मोजणीची मीटरला सरासरी किती अळ्या आली, सापळ्यात तीन रात्रींत किती पतंग आले, आणि बुजवलेल्या बिळांपैकी सकाळी किती उघडली. शेजाऱ्याच्या उसाला टोळी कोणत्या तारखेला येणार हेही साखर कारखान्याच्या स्लिप बॉयकडून, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसाकडून, पक्कं करून घ्या. त्या तारखेपासून मागे दहा दिवस मोजा आणि बिळं बुजवायचा पहिला दिवस तोच धरा.